अंशतः

पांढरकवड्याच्या पुढे, मारेगावच्या बाजारात
साहेबांनी फॉर्म उघडला : अडतीस तत्त्वं,
जगभर तीच.
मी दुभाषी.

पंचफुलाबाई नैतामांनी मोहफुलांच्या टोपलीखालून काढलं
सागवान कंपनीचं प्रमाणपत्र,
झाड क्रमांक चारशे बारा.
बघायला गेल्या होत्या. तिथे तूर.

'तक्रार कुठे केली?'
'तुरीतच उभी राहून केली, बाप्पा.'
मी भाषांतर केलं : यंत्रणा उपलब्ध.

मग त्यांनी दोन किलोचं वजन उलटं करून दिलं.
बुडाशी शिसं, शिशावर शिक्का.
'माया वजनाले दोन सालाले ठोकतेत.
या कागदाले कोन ठोकते?'

साहेब म्हणाले, काय म्हणतात त्या?
रकाने चारच होते.
वजन अजून माझ्या हातात,
उन्हानं तापलेलं.