होल-वॉच

रुवैसला शटडाऊनचा एकोणिसावा दिवस.
माझं काम बसण्याचं:
टाकीच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या स्टुलावर,
आत किती गेले, बाहेर किती आले.
आतला माणूस दिसत नाही.
त्याचं टोकन दिसतं, खिळ्यावर.

बादुक मला नो साहेबांनी शिकवलं,
कोरियन फोरमन, जेवणाच्या सुट्टीत,
पुठ्ठ्यावर रेघा मारून, नट आणि वॉशर मांडून.
म्हणाले, खड्याशेजारची मोकळी जागा
म्हणजे त्याचा श्वास. श्वास संपले, खडा उचलायचा.
मी म्हटलं, हे तर माझंच खातं.

रात्री कॅम्पात फोनवरच्या यंत्राशी खेळायचो.
मोठमोठ्या उस्तादांना ते दारात उभं करत नाही,
मी तर हर्णैचा इद्रिस परकार, दहावी नापास.
दोनशे डाव हरलो.
हरता हरता एक दिसलं:
ते मला घेरतं, आणि घेरून झालं की
स्वतःच्या पाठीकडे बघत नाही.

मग मधोमध चार खड्यांचा जीव
त्याच्या पुढ्यात टाकला. घे.
त्यानं कडं केलं, गोल, सुबक, बांगडीसारखं.
मी कोपऱ्यात भलतंच भांडण उकरलं,
डावीकडे एक, वर एक, बिनकामाचं एक,
आणि मधेच, सहज, कड्याबाहेर एकेक खडा.
आमच्याकडे रापण अशीच ओढतात.
जाळं वाळूला लागेस्तोवर
मासळीला वाटतं, समुद्र आहे.

पडद्यावर त्याच्या जिंकण्याचे टक्के: नव्याण्णव.
एक श्वास उरला, तरी नव्याण्णव.
मग शून्य. मधलं काहीच नाही.
मी ओरडलो.
वरच्या बंकवरून चप्पल आली.

सकाळी नो साहेबांना डाव दाखवला.
हसता हसता त्यांचं हेल्मेट घरंगळलं.
"हे? हे तर माझी नात ओळखेल, सहा वर्षांची."
दुपारी त्यांच्यावरच तो डाव टाकून पाहिला.
बाराव्या खड्याला त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं
आणि कडं मोडलं.
म्हणजे मी काही खेळाडू वगैरे नाही.
जरा वाईटच वाटलं.
पुठ्ठा घडी करून स्टुलाखाली सारला.

आज साडेपाचला गेटच्या कॅमेऱ्यानं हिरवा दिवा दिला.
आत गेले अकरा, बाहेर आले अकरा.
सुपरवायझर म्हणाला, झाकण लावा,
पोरांनी पाने उचललेसुद्धा.
खिळ्यावर सात नंबर लटकत होता.
मी म्हटलं, थांबा,
आणि भोकातून डोकं घालून हाक मारली.
आधी माझाच आवाज परत आला, गोल फिरून.
मग तळातून, वैतागलेला:
"रुको ना भाई, वॉशर गिरा है."