टिंब

पौषात नंदुरबारला वारा सुटला
की पथारीवरची मिरची दुकानात येते,
भुश्यात मिसळते.
दिवसभर शिंकत अक्षरं कापतो मी.
शिंक यायच्या आधी पाय उचलायचा पेडलवरून,
नाहीतर ‘श्री’चं शेपूट जातं.

मशीन जुनं, सुरतहून आणलेलं.
पातं केसाएवढं,
खाली-वर, खाली-वर.
पहिल्या दिवशी बायको दारात उभी राहून म्हणाली,
“हाई करवत शे का शिलाई मशीन?”
मी म्हटलं, बघ तूच.
ती बराच वेळ बघत राहिली.

आधी चौकटी केल्या, पाळणे केले,
आता टेबलावरच्या पाट्या.
डॉक्टर. वकील. सरपंच, एका वर्षात दोनदा.
मिरचीच्या एका व्यापाऱ्याला
“उधारी बंद” हवं होतं,
वेलबुट्टीसकट.

इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी राहतात,
खाली पट्टी नसली की आडवी.
आपली वरून धरलेली,
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
रेघ शाबूत तर नाव शाबूत.
फक्त टिंबाला कोणी धरत नाही.
कागदावर ते हवेत राहतं.
लाकडात हवेत काहीच राहत नाही.

रमिला वळवी आल्या त्या संध्याकाळी,
खांद्यावर पिशवी, पिशवीत पुस्तकं, वर मेथीची जुडी.
“नाव करा. खाली, ग्रंथपाल.”
मग जरा थांबून,
“पद अजून मंजूर नाही. पाटी केली तर चालेल ना?”
म्हटलं, लाकडाला मंजुरी लागत नाही.
असं बोलल्यावर मला
रात्रीपर्यंत बरं वाटत होतं.

शिवणीची फळी घेतली, रंधा मारला.
जिथं अक्षराला पोट तिथं भोक,
पातं सोडायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं.
व-ला एकदा, ळ-ला दोनदा, परत व-ला.
थ फार छळतो, आतल्या आत वळतो,
तिथं श्वास धरावा लागतो.
पोटं टपटप खाली पडतात.
टिंब वेगळं कापलं, मसुराएवढं.
तेवढ्यात लाईट गेली.
आली, तेव्हा टिंब नव्हतं.

ग्रथपाल.

बॅटरी लावून भुसा चाळला
बायकोच्या पिठाच्या चाळणीनं,
(त्याबद्दल दोन दिवस ऐकून घेतलं).
मिरचीचं बी निघालं चार-पाच,
एक चुका,
कुणाच्या तरी म-चं पोट, गेल्या सालचं.
शेवटी वळवीतल्या व-चं पोट उचललं,
कानशीनं घासून गोल केलं,
तांब्याची तार रोवली
आणि उभं केलं ग्र-च्या डोक्यावर.
आडनावातून पडलेलं पदावर जाऊन बसलं.
त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी पाटी उलटी करून पाहिली, वास घेतला,
पैसे मोजून दिले, सुट्टे.

चैत्रात वाचनालयातून निरोप आला,
खिडकी घासते म्हणून.
पाटी टेबलावर, रोज पुसलेली, पिवळी.
टिंब तेवढं काळं, तेलकट, वाकलेलं.
“मुलं दाबतात,” रमिलाबाई म्हणाल्या,
“पुस्तक मागायच्या आधी.
घंटी वाटते त्यांना. मी पण मग हो म्हणते, आली आली.”

खिडकी दाखवायला त्या वळल्या,
तेव्हा मी हळूच दाबलं.
वाजलं काही नाही.
तरी त्यांनी मागे पाहिलं.
“काय पाहिजे, मिस्तरी?”

हातात रंधा,
समोर कपाटं थेट छतापर्यंत,
आणि आजवर इतकी नावं कापली मी,
एक नाव तोंडात येईना.