मोंत हिलच्या पायऱ्यांवर

मिनीन कुलास बोटीवर कांदे चिरायचा,
मी मुरगावच्या धक्क्यावर वजन लिहायचो.
त्याने डोंगर पाहिले. मी त्यांचे आकडे.

आता दोघांचेही गुडघे गेलेत.
मडगावात संध्याकाळी मोंत हिलची अर्धी चढण करून
आम्ही कपेलाच्या अलीकडेच टेकतो.
खाली कौलं, माड, कुठल्याशा गाडीची शिट्टी,
आणि तो पुन्हा सुरू करतो : एटना.

"साल त्रेसष्ट. मेसिनाची सामुद्रधुनी यायची होती.
पहाट. कांद्याने डोळ्यांत पाणी आधीच होतं,
म्हणून कुणाला काही कळलं नाही.
डावीकडे माथ्यावर हिम, हिमातून धूर,
अरे, एकाच भांड्यात बर्फ आणि चूल!
आणि पायथ्याशी द्राक्षं, लिंबं, माणसं.
बेशरम माणसं, राखेत पेरणारी."

बोटीवर कातानियाचा एक फिटर होता, त्याने सांगितलेलं
मिनीन स्वतः पाहिल्यासारखं सांगतो :
एका ग्रीक पंडिताने देव व्हायला विवरात उडी टाकली,
डोंगराने त्याची वहाण तेवढी परत केली.
पुढे कधीतरी लाव्हा शहराकडे निघाला,
तेव्हा ओली कातडी पांघरून माणसं गेली
आणि पहारींनी आगीचा बांध फोडला.
आग वळली.
वळली ती शेजारच्या गावाकडे.
शेजारचं गाव हत्यारं घेऊन आलं.
"मग?"
"मग काय. आपल्याकडे मानशीच्या पाण्यावरून होतं तेच."

तिथले म्हातारे त्याला मोंजिबेल्लो म्हणतात.
'मोन्स' म्हणजे डोंगर, रोमनांचा.
नंतर अरब आले, त्यांनी आपला 'जबल' आणला.
तोही डोंगरच.
राज्यं गेली, दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून राहिले
गार झालेल्या रसासारखे.

मी हसतो. आपण कुठे बसलोय, मिनीन?
मोंत पाखल्यांचा, हिल इंग्रजीतलं,
आणि माझी बायको घरून निघताना विचारते,
"मोंत हिलच्या दोंगरार वतात?"
तीनदा डोंगर.
उंची मात्र अशी की म्हाताऱ्यांनाही अर्धा जमतो.

एक गोष्ट मी त्याला फार उशिरा सांगितली.
त्या बोटीच्या पोटात काय होतं.
मला ठाऊक आहे, मीच लिहिलंय :
नऊ हजार चारशे टन, इटलीसाठी.
सांग्याकडचा पाखरेमळ.
त्याच्या माथ्यावर पायकाची घुमटी होती,
उतारावर बोमो वेळीपची नाचणी.
वहीत रकाने होते बार्जचे, ओलाव्याचे, टक्क्यांचे.
नावाचा रकाना नव्हता.

म्हणजे त्या पहाटे
एक डोंगर दुसऱ्या डोंगरासमोरून गेला,
ताडपत्रीखाली, झोपवून नेल्यासारखा.
बोटीने वेग कमी केला नाही.
मिनीन म्हणाला, "आम्ही त्याला तांबडी माती म्हणायचो.
भातात यायची, कप्तान शिव्या द्यायचा."

एटनाची उंची म्हणे दर काही वर्षांनी नव्याने मोजावी लागते,
कधी वाढते, कधी माथा ढासळतो.
पाखरेमळाची मोजायला मी गेलो होतो एकदा.
हिरवं पाणी साचलेला खड्डा.
एका पोराने खडा टाकला,
आम्ही दोघेही आवाजाची वाट पाहत उभे.

आज मिनीनने खिशातून एक काळा दगड काढला,
भोकाभोकांचा, सुकल्या पोळ्यासारखा हलका.
नापोलीच्या धक्क्यावर एका मुलाने दिलेला,
दोन कांद्यांच्या बदल्यात.
साठ वर्षं तो याने टाचा घासतोय.
"धर," म्हणाला.

मी तळहातावर तोलला. सवय जात नाही.
चाळीस ग्रॅम. फार तर पंचेचाळीस.
लिहायला वही नव्हती.
परत दिला, तर त्याने तो शर्टाला पुसला
आणि म्हणाला, "चल, आज वरपर्यंत जाऊ,"
पण उठला नाही.