कलम चौदा

सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाबाहेर
माझं टायपिंगचं टेबल, एक पाय विटेवर.
इंगवले वकीलबाई उभ्याउभ्या मजकूर सांगायच्या.
हलगीवाल्या शिवाप्पा वायदंडेचा करार आला,
तेव्हा कलम चौदावर थबकल्या:
सर्व हक्क, सर्व माध्यमांत, यावच्चंद्रदिवाकरौ.
"चंद्रसूर्य काय कंपनीच्या बापाचे?"
तांबडी रेघ मारली.
फी म्हणून काकवीची बरणी घेतली.
झाकण गळकं. आठवडाभर फायलींना मुंग्या.

आता बाई वाहिनीच्या प्रमुख.
ताराबाई पार्कात ऑफिस, आत थंडी वाजती म्हणं.

परवा शिवाप्पाची नात आली,
गाण्याचा करार घेऊन, छापून.
"काका, एवढं वाचा की."
खाली सही शर्वरी इंगवले,
त्या 'श'चं शेपूट मी कुठंही ओळखीन.
वर कलम चौदा.
चंद्रसूर्य परत आलेले,
आणि जोडीला "अखिल विश्वात".

बाईंना नावं ठेवू?
रेघ मारायचा पगार कोण देतं?

ड्रॉवरमधलं तांबडं पेन पोरीला दिलं.
रीफिल सुकलेली.
तिनं तोंडाची वाफ दिली,
माझ्या टेबलावरच गिरगिटून बघितलं.
तिसऱ्यांदा उमटलं.