पाजवणं

बापाने स्वतः खाणीतून काढलेली पिवळी सहाण
गिलेन ओल्या फडक्यावर ठेवते.
आर्देनच्या वाटा बर्फाने बुजल्यात,
आज नर्स येणार नाही.

वस्तरा आजोबांचा. मुठीचं शिंग तडकलेलं,
पातं झिजून निम्मं,
टोकाशी गंजाचा ठिपका, मसुराएवढा.
तो घासू नकोस, ओदिलों खाटेवरून म्हणतो,
तो माझ्याही आधीचा आहे.

पाठ टेकव. धार टेकव. दाबू नकोस.
डोळे मिटून ऐकत राहतो
चाळीस वर्षं दगड फोडलेला कान:
खर्र, खर्र,
मग नुसतं सर्र,
मग जवळजवळ काहीच नाही.
आता पट्टा.

पट्ट्यावर उलटा, पाठ पुढे, साठ वेळा.
ती पस्तिसाला चुकते.
छत्तीस, तो म्हणतो.

मनगटावरचा एक केस
कळायच्या आत जातो.

मग साबण. गळ्याची सैल कातडी
दोन बोटांनी ताणते, तर हनुवटीखाली
दगडाची भुकटी मुरलेला निळा व्रण.
इतक्या वर्षांत तिला दिसलाच नव्हता.
ती विचारत नाही. हात हलू नये म्हणून.

दाढी झाल्यावर तो पाणी मागतो.
ती आधी पातं पुसते,
तेलाचं बोट फिरवते, मिटते.
मग त्याला पाजते,
चमच्या-चमच्याने.