सहा तासांचा उजेड

दिवसभर मी लोकांचे केस कापते
आणि रात्री शटर अर्धं ओढून
पाण्याचे विंचरते.

कीलुंग बंदराकडे पाठ करून बसलेलं माझं दुकान.
दोन खुर्च्या, एक तडकलेला आरसा,
आरशाखाली तीस लिटरची काचेची टाकी.
तिच्यात मॉस, एक लाकूड,
आणि लाल कोळंब्या, करंगळीच्या नखाएवढ्या.
मोजायला बसलं तर दर वेळी वेगळ्या भरतात.

आधी ते मला सुंदरच वाटलं होतं.
मॉसच्या टोकाला एक हिरवा धागा, मग चार,
फिल्टरच्या धारेत हलणारे,
नुकत्याच न्हालेल्या मुलीच्या केसांसारखे.
म्हटलं, असू दे.
महिन्याभरात त्या केसांनीच
मॉसचा गळा कापला.

म्हातारे च्येन फेसातूनच बोलतात:
"बाटली मिळते. चार थेंब टाक, सकाळी सगळं साफ."
बाटलीवर बारीक अक्षरांत तांबं लिहिलं होतं.
सगळं म्हणजे सगळंच.
शेवाळाच्या आधी कोळंबी जाते.
मी बाटली ब्रशांच्या मागे सरकवली,
च्येनना दिसणार नाही अशी.

मग जुना टूथब्रश.
कोपरापर्यंत हात पाण्यात,
मॉसमध्ये टेकवायचा, फिरवायचा,
चॉपस्टिकवर नूडल्स गुंडाळाव्यात तसं.
वर काढलं की पांढऱ्या बशीत झटकायचं,
हमखास एखादं पिल्लू अडकलेलं असतं,
आरपार दिसणारं, डोळ्यांची दोन टिंबं,
जिवंत असल्याचा पुरावा म्हणून एकच उडी मारतं.
त्या उडीसाठी मी चष्मा बदलला.

खाणं कमी केलं, एक दिवसाआड उकडलेलं पालकाचं पान.
पाणी बदललं थोडं थोडं.
वर तरंगती झाडं सोडली, मुळांची दाढी वाढवणारी.
दोन मोठ्या यामातो कोळंब्या आणल्या, खादाड म्हणून.
त्यांनी दोन दिवस शेवाळ खाल्लं,
तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं, या घरात पालक मिळतो.

केस परत आले.
येणारच. त्यावरच तर माझं पोट आहे.

शेजारची शिऊ-अ मासळी विकते, फार बोलत नाही.
दारात उभी राहिली, छत्री न मिटता,
टाकीकडे नाही, वरच्या दिव्याकडे बघत.
"हा किती वाजता विझवतेस?"

विझवत नाही.
ग्वान-लिन बंदरावर क्रेन चालवतो,
घरी यायला दीड, कधी अडीच.
गल्लीत वळताना शटरखालून हिरवा उजेड दिसला
की आई जागी आहे, एवढं त्याला कळावं.
म्हणजे, तो आला हे मला कळावं.
एकोणतीस वर्षांचा आहे तो.
उजेड त्याने कधी मागितला नव्हता.

टायमर आणला, दीडशे डॉलरचा.
दुपारी तीन ते रात्री नऊ.
नऊला टक्‌ होतं आणि पाणी काळं पडतं.
पहिल्या रात्री मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिले,
आरशात कोणीच नव्हतं.
पावणेदोनला शटर वाजलं.
"दिवा गेलाय?"
"नाही, विझवला."
"बरं केलंस," बूट काढत म्हणाला,
"त्या झोपत तरी कधी होत्या?"

आता पाचवा आठवडा.
शेवाळ गेलेलं नाही, लाकडामागे बोटभर आहे,
तिथे पिल्लं चरतात, म्हणून मी ब्रश नेत नाही.
ग्वान-लिन कधी येतो ते हल्ली
मला सकाळी बुटांवरून कळतं.

आज च्येन खुर्चीत बसता बसता म्हणाले,
"टाकलंस ना शेवटी माझं औषध?"
मी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला.
"हो," म्हटलं, "मान जरा खाली."