'नाही'चा बाण

महाप्याच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर
पांढऱ्या फळ्यापुढे उभी आहे,
हातातला हिरवा मार्कर सुकत आलेला.
चौकोन म्हणजे काम.
कोनावर उभा केलेला चौकोन म्हणजे प्रश्न.
लंबगोल म्हणजे सुरुवात, नाहीतर शेवट.
दोन्हींना आकार एकच,
हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा
मी मुकाट वहीत उतरवून घेतलं होतं.

तुर्भ्याच्या शीतगृहाचं काम आहे.
गाडी आली. पावती फाडली. पेट्या मोजल्या.
तापमान बरोबर आहे?
हो : बाण खाली, खोलीचा नंबर, कुलूप, शेठना मेसेज.
नाही :
इथे मार्कर अडला.
"ते सोडा हो," देढिया शेठ फोनवर म्हणाले,
"आमच्याकडे नाही होतच नाही."

म्हणून रात्री पावणेदोनला तिथे गेले.
हणमंत सपकाळ, रातपाळीचा ऑपरेटर,
भर मे महिन्यात कानटोपी, दोन स्वेटर.
त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा,
बाणावरून बोट फिरवत खालपर्यंत आला.
"झ्याक काढलंय. पण ह्यात मी कुठाय?"
अकरा चौकोनांत मी त्याला
'वापरकर्ता' लिहिलं होतं.

"काटा कधी कधी खोटं बोलतो, मॅडम.
मी दाराला तळवा लावतो.
दार घामेजलं असंल तर आधी
कोळंबी हलवायची पलीकडच्या खोलीत,
मग शेठला उठवायचं.
आधी उठवलं तर शेठ म्हणतो, थांब.
आन् थांबलं की माल गेला."

मी कागदावर तळव्याएवढी जागा शोधत राहिले.
सगळीकडे रेघा होत्या.

घरी, घणसोली गावात, उशिराचं जेवण.
पप्पा माझ्या स्क्रीनमध्ये डोकावले.
"यो काय गो? पलाटचा नकाशा?"
"नाही पप्पा. कामाचा क्रम. कशानंतर काय."
"आसाच व्हता. चौकोन न् रेघा.
मी आठवीला. सायब गुंडाळी घेऊन आलता,
आमच्या वट्यावं पसरली,
चारी कोपऱ्यांना चार दगड.
बापानं ईचारला, आमची खार कुठं हाय?
सायबानं कोऱ्या जागेवं बोट ठेवला.
बोलला, हितं नोड व्हनार."

नोड.
हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा उच्चारते.
दोन रेघा भेटतात तो ठिपका.
आम्ही राहतो तोही, सेक्टरांच्या मधे उरलेला,
ज्याला नंबर नाही.

"मग आजोबा काय बोलले?"
"नाय बोलला."
"आणि?"
पप्पांनी बांगड्याचा काटा
ताटाच्या कडेला नीट आडवा ठेवला.
"आन् काय. भात वाढ."

सकाळी हिरवा मार्कर पुरता मेलेला.
कुरिअरच्या टेबलावरचा काळा उचलला,
खोक्यांवर पत्ते लिहायचा,
आणि प्रश्नाच्या उजव्या कोपऱ्यातून
'नाही'चा बाण काढला.
वाकडा आला. दोन रेघा ओलांडून गेला,
फळ्याच्या कडेशी एक चौकोन,
चौकोनात : हणमंत दाराला हात लावतो.
तिथून मागे, पेट्या हलवणे.
शेठ सगळ्यात शेवटी.

सुब्रमणी चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत होता.
"हे सिस्टिममध्ये कसं बसवणार?"
"नाही बसणार. तेवढा वेळ सिस्टिम थांबेल."
"किती वेळ?"
"विचारून सांगते."
त्याने फळ्याचा फोटो काढला.
फोटोत उजवी कड कापली गेली होती,
मी त्याला पुन्हा काढायला लावला.

संध्याकाळी सातला वनिताताई
स्पिरिटची बाटली न् फडकं घेऊन आल्या.
सगळं पुसलं : गाडी, पावती, हो, कुलूप.
मग उजवीकडे घासत राहिल्या,
आधी फडक्याने, मग नखाने.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "कशानं लिहिलंत?
हे जात नाही."